सात खोकी, सात वॉरंट्या

२०२४ च्या दिवाळीआधी माझ्या जुन्या लॅपटॉपने विमान उडवण्याच्या खेळात, मुंबईची धावपट्टी समोर दिसत असतानाच मान टाकली आणि नवा गेमिंग संगणक घेण्याचे ठरले. तो तयार घ्यायचा की सुटे भाग आणून स्वतः जोडायचा, एवढाच प्रश्न उरला होता. आपल्याकडे 'असेंबल्ड' म्हणजे दुकानदाराने जोडून दिलेला संगणक, त्यामुळे 'या वेळी असेंबल करणार आहे' असे मी म्हटले तेव्हा घरच्यांना मी कुठेतरी ऑर्डर देणार असे वाटले, आणि त्यांचा तो समज मी काही दिवस मुद्दामच दूर केला नाही.

आधी तयार संगणक पाहिला. डोंबिवलीतल्या एका शोरूममध्ये नावाजलेल्या कंपनीचा संच ९२,००० रुपयांना होता. माहितीपत्रकावर रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड ठळक अक्षरांत होते, रॅम १६ जीबी आणि फायली साठवणारा एसएसडी ५१२ जीबी एवढेच खाली बारीक अक्षरांत होते, आणि सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड व त्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस यांचा तर उल्लेखच नव्हता. एसएमपीएस कोणता आहे असे विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "चांगला असतो सर, कंपनीचाच असतो." काचेतून पाहिले तर रॅमची एकच पट्टी बसवलेली होती. १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या कागदावर सारख्याच दिसतात, पण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते आणि खेळात तो फरक जाणवतो; विमानाच्या खेळात तर अधिकच, कारण तिथे कार्डाइतकाच प्रोसेसरही राबतो. सुटे भाग घेण्याकडे माझे मन तिथेच वळले.

पुढच्या शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी संगणकाचे सामान घ्यायला निघालेला माणूस अजूनही लॅमिंग्टनलाच जातो. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने फोनवर तीन सूचना दिल्या होत्या: खोक्याचे सील पाहा, प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक बिलावर लिहून घे आणि भारतातल्या अधिकृत आयातदाराचे लेबल नसेल तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नकोस. तिसरी सूचना लगेच उपयोगी पडली. एका दुकानात तेच कार्ड अडीच हजारांनी स्वस्त सांगितले गेले, मात्र बिलाशिवाय. सुट्या भागांवरचा १८ टक्के जीएसटी वाचवण्याची ही सोय मोहात पाडणारी होती, पण तीन वर्षांची वॉरंटी कोणाकडे मागायची, याचे उत्तर त्या दुकानात कोणाकडे नव्हते.

शेवटी सात वस्तू एकाच दुकानातून घेतल्या. प्रोसेसर १८,२००, बी६५० मदरबोर्ड १३,५००, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या ९,५००, कार्ड २८,५००, एक टीबीचा एसएसडी ५,८००, ६५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस ५,००० आणि कॅबिनेट ४,२००, असे ८४,७०० रुपये झाले. "हजार रुपयांत जोडून देतो, साहेब, संध्याकाळी घेऊन जा," असे दुकानदार म्हणाला. ती मधली वाट खरे तर सर्वांत शहाणपणाची होती, पण मी हट्टाला पेटलो होतो. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की शोरूमच्या किमतीत विंडोजचा परवाना धरलेला होता आणि माझ्या बेरजेत तो नव्हता. त्याचे ९,००० मिळवले की माझा संगणक तयार संचापेक्षा १,७०० रुपयांनी महाग पडला. रॅम आणि एसएसडी दुप्पट मिळाले हे खरे, पण 'स्वतः जोडला की स्वस्त पडतो' हे वाक्य मी तेव्हापासून कोणाला ऐकवलेले नाही.

जोडणी जेवणाच्या टेबलावर केली. या पिढीच्या प्रोसेसरला पिना नसतात. त्या मदरबोर्डवरच्या सॉकेटात, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेत असतात आणि केसाइतक्या नाजूक असतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवायचा आणि मग धातूची दांडी खाली दाबायची. ती दाबायला जो जोर लागतो, त्याची कल्पना कोणताही व्हिडिओ देत नाही. दांडी अर्ध्यावर असताना करकर आवाज झाला, सॉकेटवरचे काळे झाकण टकदिशी उडून ताटाळ्यापाशी पडले आणि अठरा हजार रुपये गेले असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात ते झाकण तसेच उडायचे असते. ते जपून ठेवावे लागते, कारण पुढे बोर्ड दुरुस्तीला द्यायचा झाल्यास सॉकेट झाकूनच पाठवायचा असतो. त्यानंतर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरसाठी प्लास्टिकच्या दोन कमानी सोडवणे, स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळणे, रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवणे, ही कामे शांतपणे झाली. सर्वांत जास्त वेळ मात्र कॅबिनेटच्या बटणाच्या तांदळाएवढ्या जोडण्यांनी खाल्ला. चष्मा लावून, मोबाइलचा दिवा दातांत धरून मी त्या बसवल्या.

रात्री साडेदहाला बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. बोर्डवर रॅमच्या नावाशेजारी नारिंगी दिवा पेटून राहिला होता. दीड मिनिट वाट पाहून मी वीज बंद केली, पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या आणि पुन्हा बटण दाबले. असे तीनदा झाल्यावर भाच्याला उठवले. तो म्हणाला, "मामा, तूच त्याला सुरू होऊ देत नाहीयेस. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळणी करत बसतो, त्याला पाच-सात मिनिटे लागू शकतात. तू मध्येच बंद केलेस की तो पहिल्यापासून सुरू करतो. आता हात लावू नकोस, चहा करून घे." चहाला उकळी यायच्या आत पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह आले होते. नंतर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पाहिले तर ६००० वेगाची रॅम ४८०० वरच चालत होती; रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणारा एक्स्पो हा पर्याय चालू केल्यावर तिने पूर्ण वेग घेतला.

पुढच्या पावसाळ्यात खेळ चालू असताना निळा पडदा येऊन संगणक आपोआप बंद होऊ लागला. तयार संच असता तर तो अख्खा उचलून सेवा केंद्रात नेऊन ठेवला असता, आणि माझ्या फायलींसकट तो कधी परत येतो याची वाट पाहिली असती. त्या बदल्यात दोष कशात आहे, हे शोधण्याची जबाबदारी माझ्यावर आली नसती. इथे ती माझ्यावर होती, आणि सात खोक्यांच्या सात वॉरंट्यांपैकी कोणती काढायची, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. मी एक पट्टी काढून दोन संध्याकाळ खेळलो, काही झाले नाही. मग आत राहिलेली पट्टी काढून तिच्या जागी आधी काढलेली लावली, तेव्हा वीस मिनिटांत निळा पडदा आला. तीच पट्टी, अनुक्रमांकासह बिलाची प्रत घेऊन, एका लहानशा पाकिटात घालून शर्टाच्या खिशातून ग्रँट रोडला नेली. बदली पट्टी यायला बारा दिवस लागले. तोवर संगणक उरलेल्या एका पट्टीवर, म्हणजे शोरूममधल्या त्या संचासारखाच, १६ जीबीवर चालत होता, आणि मुंबईच्या धावपट्टीजवळ विमान खाली येताना चित्र किंचित अडखळत असे.