क्वालिटीवाल्या साहेबांचा चौथा प्रश्न

चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यासाठी आम्ही ट्रेसेबिलिटीची, म्हणजे कोणता माल कशातून बनला आणि कुठे गेला याचा माग ठेवणारी सिस्टीम बांधत होतो. साठा, खरेदी, बिलं आधीपासून पोस्टग्रेस या टेबलांच्या डेटाबेसवर होती. नवा भाग मात्र ग्राफ डेटाबेसवर, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातले दुवे जाळ्यासारखे साठवणाऱ्या डेटाबेसवर न्यावा असा टीममधल्या एका मुलीचा आग्रह होता. निओफोरजे या अशाच एका डेटाबेसवर तिने नमुना करूनही दाखवला होता, आणि तो उत्तम होता.

तिच्या म्हणण्यात दम होता. पोलादाची हीट (एका वेळी वितळवलेला घाणा), तिच्यातून फोर्जिंगचे लॉट, लॉटमधून गिअर, गिअरमधून असेंब्ली, शेवटी ग्राहकाकडे गेलेली पेटी, हे जाळंच आहे. ‘या हीटपासून पुढे लागतील तितक्या पायऱ्या जा’ हे निओफोरजेच्या सायफर या क्वेरी-भाषेत एका ओळीत लिहिता येतं. प्रत्येक नोडपाशी, म्हणजे जाळ्यातल्या गाठीपाशी, शेजाऱ्यांचे दुवे थेट साठवलेले असल्याने दर पायरीला इंडेक्स (शोधसूची) धुंडाळावा लागत नाही. २०१६ च्या पनामा पेपर्सच्या तपासात शोधपत्रकारांनी निओफोरजेच वापरला होता. कोण कोणाशी कोणत्या वाटेने जोडलेलं आहे हे आधी ठाऊक नसताना ते शोधायचं, तर त्यासारखं साधन नाही.

निर्णयाच्या दिवशी कारखान्याचे क्वालिटीवाले साहेब मीटिंगला आले होते. त्यांच्यापुढे आकृत्या न मांडता मी मार्कर दिला आणि म्हटलं, "साहेब, तक्रार आली की तुम्हाला काय काय शोधावं लागतं, तेवढं लिहा."

त्यांनी लिहिलं. हीट खराब निघाली तर माल कुठे कुठे गेला? पेटी परत आली तर आत कुठलं पोलाद? त्या तारखेला ड्रॉइंगचं कोणतं रिव्हिजन चालू होतं? आणि चौथं: स्टोअरमध्ये उरलेले नग आत्ताच्या आत्ता होल्डवर टाका.

माझ्या मते पोस्टग्रेसवरच राहायची निवड त्या चौथ्या ओळीने केली. शोध घेणं आणि साठा अडवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही नाहीतर काहीच नाही असं, व्हायला हवं. साठा पोस्टग्रेसमध्ये आणि जाळं दुसरीकडे ठेवलं, तर दोन्ही जुळलेले नसण्याच्या त्या थोड्या वेळात खराब गिअर ट्रकमध्ये चढू शकतो. वाहनाच्या गिअरबॉक्सच्या बाबतीत हा धोका मला अजिबात पत्करायचा नव्हता. शिवाय पहिल्या दोन प्रश्नांत दिशा ठरलेली आहे, पायऱ्याही मोजक्या आहेत. असा शोध रिकर्सिव्ह क्वेरीने, म्हणजे आपलाच निकाल घेऊन पुढची पायरी शोधत जाणाऱ्या क्वेरीने होतो. एसक्यूएल या टेबलांच्या क्वेरी-भाषेच्या मानकात ती १९९९ पासून आहे, पोस्टग्रेसमध्ये २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून.

दुपारी त्या मुलीनेच क्वेरी लिहायला घेतली आणि खरी मेख तिलाच सापडली. रीवर्कमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी, असेंब्लीतून काढलेला गिअर पुन्हा लॉटमध्ये जातो, म्हणजे जाळ्यात चक्र तयार होतं आणि क्वेरी थांबतच नाही. पोस्टग्रेस १४ मधलं, असं चक्र ओळखून थांबणारं ‘सायकल’ कलम तिथे कामी आलं. दुसरी अडचण जास्त कपटी होती. एकच लॉट दोन वाटांनी सापडला की त्याचे नग दोनदा मोजले जात होते. आधी वेगळे लॉट निवडायचे, मगच साठ्याशी जोडायचे, हा क्रम तिने बसवला. तिच्या ग्राफवरचं उत्तर आणि हे उत्तर आम्ही लॉटनिहाय ताडून पाहिलं. दोन्ही जुळले, तेव्हा तिच्या नमुन्याचं मोल मला आणखीच पटलं.

निघताना साहेबांनी विचारलं, "दोन वेगळ्या तक्रारींतल्या पेट्यांमध्ये समान काय, हे कळेल का? मशीन, टूल, ऑपरेटर, काहीही?"

हा मात्र अस्सल ग्राफचा प्रश्न होता. पण कोणता लॉट कोणत्या मशीनवर, कोणत्या टूलने झाला हे त्यांच्याकडे अजून शिफ्टच्या कागदी वहीत लिहिलं जात होतं. म्हणून आधी त्या नोंदी स्कॅनरने टिपणाऱ्या टेबलांचं काम पुढच्या टप्प्यात धरलं, आणि त्या भरू लागल्या की ग्राफचा विषय पुन्हा मीटिंगला घ्यायचा, असं डिझाइनच्या नोंदीत तिच्याच हाताने लिहून ठेवलं.