सगळ्यांचं लक्ष पायावर होतं
मिरज, रविवार, रात्री साडेदहा

आज दादाचा ऑक्सिजन काढला. नाकातली नळी निघाल्यावर त्याने आधी नाक चोळलं, मग मला विचारलं, "जेवलीस का गं?" मी बाहेर जाऊन रडून आले.

सोमवारी संध्याकाळी तासगाव रोडला त्याची गाडी घसरली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून घरात एकच विषय, पाय. आखूड तर पडणार नाही ना, रानात कधी जाता येईल. मंगळवारी ऑपरेशन करून आत सळई टाकली. आईने सांगलीच्या गणपतीला नारळ बोलला होता, तो वहिनीचा भाऊ लगेच फोडूनही आला.

बुधवारी पहाटे दादा म्हणाला, "म्हशींना पाणी पाजलंस का?" म्हशी विकून वीस वर्षं झाली. वहिनी म्हणाली, गुंगीत आहेत. मलाही तसंच वाटलं. पण बोलता बोलता त्याला धाप लागत होती, म्हणून सिस्टरना बोलावलं. बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 84, फारच कमी. डॉक्टरांनी शर्ट बाजूला केला तर छातीवर आणि काखेत सुईने टोचल्यासारखे लाल ठिपके.

फॅट एम्बोलिझम. मटणाच्या नळीतून आपण चोखून खातो तो मगज माणसाच्या हाडातही असतो. मांडीसारखं मोठं हाड मोडलं की त्यातल्या चरबीचे थेंब रक्तात उतरतात आणि फुप्फुसाच्या बारीक नसांमध्ये अडकतात, मेंदूपर्यंतही जातात. बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांतच. त्यावर नेमकं असं औषध नाही, ऑक्सिजन देऊन शरीराला सावरायला वेळ द्यायचा.

मी विचारलं, "जाड आहे म्हणून झालं का?" डॉक्टर म्हणाले, "ही पोटाची चरबी नव्हे, हाडातली. हे सडपातळ पोरालाही होतं. पण त्याच्याकडे श्वासाची शिल्लक असते, तुमच्या दादांकडे ती कमी आहे." मग त्यांनी हाताने दाखवलं. उताणं झोपलं की जड पोट श्वासाचा पडदा वर ढकलतं, फुप्फुसाचा खालचा भाग दबून मिटतो, हवा तिथे पोचतच नाही. तिथेच पुढे न्यूमोनिया धरतो. आणि आम्ही काय केलं होतं? माणसाला आराम पडावा म्हणून त्याच्या डोक्याखालची उशी काढून त्याला सपाट निजवलं होतं. आता पलंग डोक्याकडून उचललेलाच असतो.

एक गोष्ट लिहायला जड जातेय. भरती करताना वजन विचारलं तेव्हा मी 95 सांगितलं. आजूबाजूला माणसं होती, दादाला कमीपणा वाटू नये असं वाटलं. खरं वजन 112. उंची साडेपाच फूट, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, चाळीसच्या जवळपास. आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन देतात, त्याचा डोस ठरवताना वजन बघतात. जाड माणसाला त्या गुठळीची भीतीही जास्त. बुधवारीच मी डॉक्टरांना खरं सांगितलं. तो रात्री मोठ्याने घोरतो, घोरता घोरता त्याचा श्वास काही क्षण थांबतो, हेही तेव्हाच सांगितलं. दुखणं थांबवायच्या कडक औषधांनी श्वास आणखी मंदावतो, म्हणून ते आधीच कळायला हवं होतं, असं ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

वजनाचं दादाशी बोलायचं आहे, पण तो वॉकर धरून उभा राहिल्यावर. आत्ता त्याच्या कानावर फक्त श्वास.

फुप्फुसाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय. त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. पहिले दोन दिवस दादा फुंकतच होता आणि आम्ही शाबास म्हणत होतो. फिजिओथेरपीच्या ताईंनी नीट शिकवलं. शुक्रवारी एक चेंडू जेमतेम हलला. आज दोन वर गेले, दुसरा थोडा वेळ टिकलासुद्धा.

सकाळी सहाला पुन्हा दहा वेळा. गजर लावलाय.