मराठीच्या वाटेने जपानी

रविवार, रात्र

जपानीचा अभ्यास घरच्या घरी सुरू केल्यापासून एक मत पक्के होत गेले आहे, ते आज लिहून ठेवते. मराठी माणसाने ही भाषा स्वतःहून शिकताना इंग्रजीत लिहिलेल्या व्याकरणावरच सगळी भिस्त ठेवू नये. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नामानंतर प्रत्ययासारखे शब्द लागतात, हे तिथे मोठे नवल म्हणून समजावलेले असते. आपल्याला मात्र ते बोलू लागल्यापासून अंगवळणी पडलेले आहे. ‘किनो योन्दा होन’ म्हणजे ‘काल वाचलेले पुस्तक’, शब्दांचा क्रमसुद्धा तोच. ‘ताबेते मिरु’ म्हणजे ‘खाऊन पाहणे’ आणि ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’. अशी संयुक्त क्रियापदे आज समोरासमोर लिहीत गेले आणि पान भरले, तरी समजावून घ्यावे असे त्यांत फारसे काही उरले नव्हते.

वर्णमालेचा क्रम तर याहून जुने नाते सांगतो. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी. यांतल्या ‘स’च्या जागी ‘च’ आणि ‘ह’च्या जागी ‘प’ ठेवला की आपली क-च-त-प ही उतरंड दिसू लागते. प्राचीन जपानीत ‘ह’च्या ओळीचा उच्चार ‘प’सारखा होता, असे भाषाअभ्यासक मानतात. हा क्रम बौद्ध मठांतल्या सिद्धम् लिपीच्या, म्हणजे संस्कृत लिहिण्याच्या एका जुन्या भारतीय लिपीच्या, अभ्यासातून आला. ८०४ साली चीनला गेलेले आणि ८०६ मध्ये परतलेले भिक्षू कूकाई हे त्या परंपरेतले मोठे नाव. जपानी स्मशानांतल्या उंच लाकडी फळ्यांवर सिद्धम् बीजाक्षरे आजही लिहिली जातात, हे वाचून मला फार आनंद झाला.

कांजींना, म्हणजे चीनमधून आलेल्या शब्दचिन्हांना, मात्र असा आधार नाही. नित्य वापराच्या २१३६ चिन्हांची अधिकृत यादी आहे आणि ती हाताने गिरवूनच लक्षात राहते.

खरा विचार करायला लावते ती आदराची भाषा. आपल्याकडे बाहेरच्या माणसाचा फोन आला, तरी आपण ‘साहेब बाहेर गेले आहेत’ असेच म्हणतो, कारण साहेबांचा मान ऐकणाऱ्यावर अवलंबून नसतो. जपानी कचेरीत त्याच प्रसंगी वरिष्ठांच्या नावापुढचे आदरार्थी ‘सान’ गळते आणि ‘तानाका वा गाइश्युत्सु शिते ओरिमासु’ असे नम्र रूप येते. बाहेरच्यासमोर आपली सगळी कचेरी, वरिष्ठांसकट, एकच घर ठरते आणि घरच्यांना लहानपणा घ्यावा लागतो. ही रूपे पाठ करणे सोपे आहे. पण आपण या क्षणी कोणाच्या बाजूला उभे आहोत, हे बोलण्याआधी ओळखण्याची सवय लागायला वेळ हवा, आणि तो द्यावा असे मला मनापासून वाटते.

डिसेंबरच्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत वाचन आणि श्रवण तपासतात, बोलणे तपासत नाहीत. तरीही या आठवड्यापासून रोज टेलिफोनवरचे एक कचेरीतले संभाषण, दोन्ही बाजूंनी, मोठ्याने म्हणायचे ठरवले आहे.