कांद्याच्या पेशीतले दोन कप्पे

पौषात सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक एवढी वाढते, की गोण्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत चालावे लागते. त्या थप्प्यांच्या मधोमध उभे राहिले तरी डोळ्यांना पाणी येत नाही. घरी मात्र भाकरीसोबत खायला एकच कांदा बुक्कीने फोडला, तरी शेजारी बसलेल्याचे डोळे चुरचुरतात. अकरावीच्या मुलांना पेशी शिकवताना मी याच प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पटल (पेशीतला पातळ पडदा) आणि विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) हे पुस्तकात वेगवेगळे धडे असले, तरी कांद्याच्या पेशीत ते एकत्रच नांदतात.

लाल कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी दिसतात. प्रत्येकीचा बहुतेक भाग रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीने, व्यापलेला असतो आणि तांबडा-जांभळा रंग त्या रिक्तिकेतच साठवलेला असतो. काचेच्या कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला, की परासरणाने पाणी बाहेर पडते आणि रंगीत भाग भित्तिकेपासून, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीपासून, सुटून आत आक्रसू लागतो. यालाच रससंकोच म्हणतात. फार उशीर न करता साधे पाणी घातले, तर तो भाग पुन्हा पसरून कडेला टेकतो. या साऱ्या हालचालीत पाणी ये-जा करते, रंग मात्र आतच राहतो, आणि ही निवड करणारे पटल अवघे सात-आठ नॅनोमीटर जाडीचे असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मेदरेणूंच्या दोन थरांचे हे पटल, ज्यात प्रथिने तरंगत असतात (हे चित्र सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडले), वहीतल्या आकृतीत पेन्सिलची एक रेघ होऊन बसते, हे मला मनापासून खटकते.

आता डोळ्यांतल्या पाण्याकडे वळू. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये रिक्तिकेबाहेरच्या पेशीद्रवात असतात आणि त्यांचे विघटन करणारे अ‍ॅलिनेज हे विकर रिक्तिकेत असते. दोघांचा मुक्काम एकाच पेशीत, मध्ये फक्त रिक्तिकेचे पटल. कांदा अखंड आहे तोवर त्यांची गाठ पडत नाही. बुक्की बसली किंवा विळी फिरली, की पटले फाटतात, विकर त्या द्रव्यांवर तुटून पडते आणि काही क्षणांत डोळे झोंबवणारा वायू तयार होतो. हे काम एकट्या अ‍ॅलिनेजचे असावे असा समज बराच काळ होता. शेवटची पायरी दुसरेच एक विकर पार पाडते, हे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले. थंडगार कांदा चिरताना डोळे कमी झोंबतात, कारण थंडीत विकरांचा वेग मंदावतो. उकडलेला कांदा तर मुळीच झोंबत नाही, कारण उष्णतेने प्रथिनांची घडी उलगडते आणि विकराच्या ज्या खाचेत द्रव्य नेमके बसायचे, ती खाचच उरत नाही.

याच उष्णतेने पटलाचेही काय होते, ते पाहण्यासाठी मी मुलांना एक पापुद्रा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवायला सांगतो आणि मग त्यावर तेच मिठाचे पाणी घालायला लावतो. आता पेशीत काहीही आक्रसत नाही. भित्तिका जागच्या जागी उभ्या दिसतात, पण त्यांच्या आत रंग राहिलेला नसतो. तो सगळा भांड्यातल्या पाण्यात उतरलेला असतो.