नझूलच्या जागेवरील जुनी प्रेस पुन्हा वापरात आणताना : माझा अनुभव

वऱ्हाडातील आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारचौकालगत, आमच्या सहकारी संस्थेची कापसाच्या गठाणी बांधण्याची जुनी प्रेस आहे. गावाच्या मध्यभागातील ती सर्वांत उंच इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर महिला बचत गटांना तूरडाळ साठवण्यासाठी व विकण्यासाठी जागा द्यावी आणि वरच्या मजल्यांवर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका सुरू करावी, असा ठराव संस्थेने केला आणि सचिव या नात्याने परवानग्यांचे काम माझ्याकडे आले. ते काम आता पार पडले आहे. परंतु एका कार्यालयाने जो काळ वाया घालवला त्याचा राग अजून ओसरलेला नाही, आणि विदर्भात अशा जीन-प्रेस (कापसातील सरकी काढून गठाणी बांधण्याचे कारखाने) ठिकठिकाणी बंद पडून असल्यामुळे तो प्रकार सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

ही इमारत एवढी उंच का, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. जुन्या पद्धतीत रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, वरच्या मजल्यावरून प्रेसच्या पेटीत सोडत, तेथे पहिला दाब देत आणि अखेरचा दाब खाली देऊन गठाण बांधत. यंत्रच उभे असल्यामुळे इमारतही उभी बांधावी लागे. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, त्यानंतर काही वर्षांतच खामगाव आणि अमरावती यांचे फाटे तयार झाले, आणि पुढील काळात गावोगावी जीन-प्रेस उभ्या राहिल्या. आमच्या प्रेसच्या लोखंडी तुळयांवर इंग्लंडमधील ‘डॉर्मन लाँग’ या कारखान्याचे नाव उठावाच्या अक्षरांत आजही वाचता येते. 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर आमच्या प्रेसला हंगामभर काम असे आणि चौकापर्यंत कास्तकारांच्या बैलबंड्यांची रांग लागे. पुढे 2000 मध्ये केंद्र शासनाचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले, एकाच आवारात जिनिंग आणि स्वयंचलित प्रेसिंग करणारे कारखाने उभे राहिले, आणि आमची प्रेस मागे पडली.

इमारतीच्या मजबुतीची तपासणी, संस्थेच्या उपविधीतील दुरुस्ती आणि नगरपरिषदेकडील नकाशे ही कामे फारशी अडली नाहीत. इमारतीची उंची 15 मीटरच्या आत भरल्यामुळे राष्ट्रीय इमारत संहितेतील उंच इमारतींच्या अटीही लागू झाल्या नाहीत.

अडले ते जागेच्या कागदावर. जागा नझूलची आहे, म्हणजे मालकी शासनाची आणि संस्थेकडे केवळ भाडेपट्टा. अमरावती आणि नागपूर विभागांतील गावांच्या मध्यवर्ती भागात अशा जागा पुष्कळ आहेत. भाडेपट्टा ज्या प्रयोजनासाठी दिला त्याहून वेगळा वापर करायचा असेल तर शासनाची पूर्वपरवानगी लागते, अन्यथा शर्तभंग होतो. हा नियम मला मान्यच आहे. मात्र आमच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे भूमापन दप्तरातील जागेच्या उताऱ्यावर, प्रयोजनाची नोंदच नव्हती. मूळ प्रयोजन ठाऊक असल्याशिवाय वापरातील बदलाचा प्रस्ताव पुढे पाठवता येणार नाही, असे संबंधित कार्यालयाने सांगितले. प्रेस संस्थेकडे येण्यापूर्वी एका खाजगी कंपनीची होती, ती कंपनी केव्हाच बंद झाली, आणि तिच्याकडील मूळ पट्टा आम्हाला कधी मिळालाच नव्हता.

“काका, मूळ पट्टा आणा, मग पुढचं पाहू,” एवढेच उत्तर दर वेळी मिळे. पट्टा शासनाने करून दिलेला होता, त्याची प्रत शासनाच्याच दप्तरी असली पाहिजे, हे मी लेखी कळवले, तोंडी सांगितले, वरिष्ठांसमोरही मांडले. त्यावर उत्तर न देता कार्यालय नवे त्रुटीपत्र काढी. एका पत्रात चतुःसीमा मागितल्या, त्या दिल्यावर मोजणीची प्रत मागितली, ती दिल्यावर भाडे भरल्याच्या जुन्या पावत्या मागितल्या. सर्व त्रुटी एकाच वेळी कळवणे त्यांना सहज शक्य होते. मधल्या काळात लिपिकाची बदली झाली आणि नव्या लिपिकाने पहिल्या त्रुटीपासून पुन्हा सुरुवात केली. तोवर दोन पावसाळ्यांत वरच्या मजल्याचे छत गळून सागवानी फळ्या कुजल्या, आणि शहरात खोली घेऊन अभ्यास करणे ज्यांना परवडत नाही अशी मुले मंदिराच्या ओसरीवर बसून वाचत राहिली.

असाच गुंता शासनाने स्वतःसाठी कसा सोडवला ते पाहा. मुंबईत नरिमन पॉइंटवरील एअर इंडियाची 1974 मध्ये पूर्ण झालेली 23 मजली इमारत 1601 कोटी रुपयांना विकत घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2023 मध्ये घेतला. ती जागाही शासनाच्याच भाडेपट्ट्यावरची होती, आणि अनर्जित उत्पन्न (जागेच्या वाढलेल्या किमतीतील शासनाचा वाटा) व त्यावरील व्याजापोटी येणे असलेले सुमारे 298 कोटी रुपये माफ करून शासनाने तो अडसर दूर केला. 2012 मध्ये मंत्रालयाला आग लागल्यानंतर विखुरलेल्या कार्यालयांना जागा हवी होती, त्यामुळे त्या निर्णयाला माझी हरकत नाही. जागा शासनाची आणि इमारत दुसऱ्याची, हा गुंता शासनाला चांगला ठाऊक आहे आणि ठरवले तर तो सुटतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

आमची वाट माहिती अधिकाराने मोकळी झाली. 2005 च्या या कायद्यात कागदाच्या प्रती मागण्याबरोबर दप्तर प्रत्यक्ष पाहण्याचाही अधिकार आहे, आणि ‘फाईल सापडत नाही’ हे माहिती नाकारण्याचे कारण त्या कायद्यात कोठेही दिलेले नाही. अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. मी जिल्ह्याच्या अभिलेख कक्षाच्या पाहणीची मागणी केली. त्यापूर्वी आखीव पत्रिकेवरील फेरफाराच्या जुन्या नोंदी भिंग घेऊन वाचल्या, तेव्हा पट्ट्याच्या नूतनीकरणाशेजारी महसुली प्रकरणाचा क्रमांक आणि साल मिळाले. हे साल हाती असणे फार महत्त्वाचे आहे, कारण नझूलचे बस्ते, म्हणजे कागदपत्रांची गाठोडी, सालवार बांधलेले असतात. नुसते संस्थेचे नाव सांगून काहीही सापडत नाही. अभिलेख कक्षातील शिपाईभाऊंनी साल ऐकताच बरोबर तो बस्ता काढून दिला. आत टंकलिखित इंग्रजी पट्टा होता, सोबत नकाशा होता, आणि प्रयोजनाच्या कलमात कापसाच्या प्रेसबरोबर शेतमालाची साठवण व विक्रीही लिहिलेली होती. म्हणजे तळमजल्याच्या वापरासाठी वेगळ्या परवानगीची गरजच नव्हती! ते कलम वाचताना माझे डोळे भरून आले. अभ्यासिकेपुरता प्रस्ताव नव्याने केला आणि तो सुधारित भाड्यासह मंजूर झाला.

असे काम हाती घेणाऱ्यांनी आर्किटेक्टकडे जाण्याआधी आखीव पत्रिका आणि पट्टा मिळवावा. प्रमाणित नकला एकाहून अधिक घ्याव्यात, कारण प्रत्येक टेबल आपल्यासाठी एक ठेवून घेते. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच तारखेसह घ्यावी. लिपिक बदलल्यावर तीच उपयोगी पडते. नझूलसाठी 2024 मध्ये आलेली सवलतीची अभय योजना निवासी जागांसाठी होती, तेव्हा संस्थांनी तिच्या भरवशावर थांबू नये. इमारतीबद्दल एक गोष्ट वर सांगायची राहिली. चुन्याच्या जोडाईच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू देऊ नका, कारण आतली ओल बाहेर पडत नाही आणि विटा भुसभुशीत होतात. आमच्या कंत्राटदाराचा आग्रह सिमेंटचाच होता. आम्ही वणीजवळच्या राजूरचा चुना आणवला आणि जुने काम जाणणारा गवंडी शोधला.

तळमजल्यावर डाळीची विक्री सुरू झाली आहे आणि पहिल्या मजल्यावर मुले बसू लागली आहेत. वरच्या मजल्याच्या फळ्या बदलण्याचे काम चालू आहे. पट्ट्याच्या पुढील नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या इतिवृत्तात नोंदवली असून, तिच्या एक वर्ष आधी अर्ज करावा, असा ठरावही आम्ही करून ठेवला आहे.