तलवारीची राणी

"ई, हे तर विधवेचं कार्ड!" मोबाईलवर अर्थ वाचून मैत्रिणीच्या भाचीने जीभ चावली. ठाण्यात घंटाळीला चहाला जमलो होतो, आणि टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांतलं, तलवारीच्या राणीचं ते पान काढलं होतं नेमकं मावशींनी. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली.

मावशींनी शांतपणे चष्मा लावला. "तलवार सरळ धरलीय बघ हिने, कुणावर उगारली नाहीये. आणि डावा हात पुढे केलाय. ये, बोल, म्हणतेय."

१९०९ च्या संचातलं, पामेला कोलमन स्मिथने काढलेलं चित्र. सिंहासनावर फुलपाखरंही कोरलीत. आता या राणीचा अर्थ स्पष्ट विचार, सडेतोड बोलणं असा लावतात. जुना अर्थ मात्र वैधव्य, विरह.

भविष्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण एक गोष्ट टोचली. त्याच संचातला तलवारीचा राजाही तलवार धरूनच बसलाय. त्याच्या वाट्याला आले न्याय आणि अधिकार!

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिशेब मागणारे काका शिस्तीचे, तोच हिशेब मागणारी बाई फटकळ. (हो, आमच्याच सोसायटीत.)

तुमच्याकडे काही वेगळं आहे का?