शेपटी खाल्ली

नातवाच्या बालवाडीत डबा न्यायचा नसतो, खाऊ तिथेच शिजतो. पावणेबाराला मी त्याला आणायला कोथरूडला जाते, तेव्हा मावशी ताटल्या गोळा करत असतात. त्या ताटल्यांत डोकवायची मला खोडच लागली आहे.

सोमवारी पुलाव होता. एका ताटलीतला भात फस्त, मटार मात्र कडेला ओळीनं मांडलेले. अकरा होते, मी मोजले. शेजारच्या ताटलीत मटार गायब आणि भात जसाच्या तसा. दोघांची अदलाबदल केली असती तर मावशींचं काम वाचलं असतं, पण एकमेकांचं उष्टं खायचं नाही असा तिथे नियम आहे. पोळीचा मधला मऊ भाग खाऊन कडा ठेवलेल्या असतात, चंद्रकोरीसारख्या. कढीपत्ता काय, आमचे हेही बाजूला काढतात.

आमच्या वेळी पानात टाकायची सोयच नव्हती. शनिवार पेठेतल्या वाड्यात आई पान स्वच्छ झाल्याशिवाय उठू द्यायची नाही. मी पडवळाची भाजी न चावता पाण्याबरोबर गिळायला शिकले. पानात काही उरलं नाही हे खरं, पण पडवळ मी अजूनही घरात आणत नाही.

सून मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती, 'काही खातच नाही' म्हणून. त्यांनी तिला साधा हिशेब सांगितला. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. २ ते ५ वर्षांच्या काळात मात्र वर्षाला साधारण २ किलोच वाढतं. मग भूक तेवढीच कशी राहील? डाव आपल्या हातात असतो आणि आपण वाढतो आपल्या अंदाजानं. नंतर ओरडाही मुलांनाच.

काल मटकीची उसळ होती. मागच्या तीन खेपांना नातवानं तिला हातही लावला नव्हता. काल ताटलीत सगळी मटकी होती तशीच दिसली. मी म्हटलं, "आजही नाही खाल्लीस ना?"

"खाल्ली की," तो म्हणाला. "एकीची शेपटी."

मावशींनी ताटली उजेडात धरली. मोड तुटलेली एक मटकी खरंच होती.